प्रश्नाआधीचं उत्तर

लिफ्ट खाली येताना मध्येच अडखळली. फार नाही, जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तेवढंच. तिच्या पोटातलं सगळं क्षणभर वर आलं आणि पुन्हा जागेवर बसलं. लिफ्टमध्ये तिच्याबरोबर खालच्या मजल्यावरच्या ताई होत्या. टाकीचं पाणी वेळेवर सोडत नाहीत, ही त्यांची तक्रार चालू होती आणि ती एका शब्दानेही तुटली नाही. शेवटी तिनेच मध्ये विचारलं, "आत्ता लिफ्ट हलली, जाणवलं तुम्हाला?" "हलणारच," ताई म्हणाल्या, "हलल्याशिवाय खाली कशी जाईल?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसल्या. तळमजला आला, दार उघडलं. केबिनची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा दोन बोटं वर थांबली होती. ताई तो उंचवटा न बघताच ओलांडून गेल्या. ती मात्र त्या दोन बोटांच्या फटीकडे बघत उभी राहिली आणि दार मिटायला लागलं तेव्हा पर्स आडवी धरून कशीबशी बाहेर पडली. वॉचमन खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. कोवळं ऊन होतं, शाळेची बस हॉर्न वाजवत होती, जगात कुठं काही बिघडल्याचं चिन्ह नव्हतं. तिला त्याचीच भीती वाटली.

कारण ही लिफ्ट नुसती लिफ्ट नव्हती. गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत जो इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिला वर-खाली नेतो, तो तिच्या कंपनीचा होता, आणि आज पहाटे, ती झोपेत असताना, त्या बोर्डाच्या पोटातला प्रोग्राम बदलला गेला होता. तो बदलला होता तिने लिहिलेल्या स्क्रिप्टने, आपोआप कामं उरकणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामने. फक्त याच इमारतीत नव्हे. शहराच्या या अर्ध्या भागात जिथं जिथं कंपनीचे बोर्ड होते, तिथं तिथं. ती रस्त्याने चालायला लागली आणि दोन्ही बाजूंच्या इमारती तिला आज पहिल्यांदाच उंच वाटल्या. प्रत्येक इमारतीच्या आत एक पोकळ विहीर, त्या विहिरीत दोरांवर लोंबकळणारी एक खोली, आणि त्या खोलीत या क्षणी कुणीतरी आरशात केस सारखे करत असेल. आपलं काहीतरी चुकलं, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. घराबाहेर पडून कोपऱ्यापर्यंत गेल्यावर गॅस बंद केला का, असं वाटून ती परत यायची, आणि गॅस नेहमी बंदच असायचा. म्हणून तिने स्वतःला समजावलं, हेही तसंच असेल. लिफ्ट अडखळते. यंत्रं आहेत ती. पण पाय भराभर पडत होते.

हे प्रोग्राम बदलायचं काम ती कित्येक वर्षं हाताने करत आली होती. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडायची, त्यात ते जुनं टूल सुरू करायचं, आणि मग ते प्रश्न विचारणार आणि आपण उत्तरं टाइप करणार. जोडायचं का? हो. कोणती फाईल? फाईलचं नाव. आधीचा प्रोग्राम पुसायचा का? हो. मग ओळीवर ठिपके उमटत जायचे, एकामागून एक, मुंग्या चालल्यासारखे, आणि शेवटी यायचा तो प्रश्न: खात्री आहे? तिला तो प्रश्न आवडायचा. दुसऱ्या कुणी तिला कधी असं थांबून विचारलं नव्हतं. घर बदलताना नाही, लग्न मोडताना नाही. त्या प्रश्नापाशी ती दर वेळी एक श्वास घ्यायची, वरचं सगळं पुन्हा वाचायची, आणि मगच हो म्हणायची. साहेब एकदा मागे येऊन उभे राहिले होते. "दिवसभर काय हो हो करत बसतेस? हो म्हणायला माणूस कशाला लागतो? लिही एक स्क्रिप्ट आणि मोकळी हो." त्यांचं चूक नव्हतं. बोर्ड वाढले होते, हात तेवढेच होते.

मग तिने स्क्रिप्ट लिहिली. आधी नीट लिहिली होती. स्क्रिप्टने काळ्या खिडकीत काय उमटतंय ते वाचायचं, ठरलेला प्रश्न आला तरच ठरलेलं उत्तर द्यायचं, नाहीतर थांबून तिला कळवायचं. पण टूल जुनं, त्याची अक्षरं तुटक तुटक यायची, अर्धा प्रश्न आत्ता आणि अर्धा मग. स्क्रिप्ट सारखी अडून बसायची आणि सकाळी येऊन बघावं तर पहिल्याच लिफ्टपाशी रात्रभर वाट बघत थांबलेली. साहेब रोज विचारायचे, "झालं का?" तेव्हा तिने दुसरी, सोपी स्क्रिप्ट केली. हिने काही वाचायचं नाही. पहिलं उत्तर द्यायचं, थोडं थांबायचं, दुसरं द्यायचं, थोडं थांबायचं, तिसरं द्यायचं. प्रश्न आले असणारच, असं धरून चालायचं. टेबलावरच्या बोर्डावर तिने ती पुन्हा पुन्हा चालवून बघितली. उत्तरं बरोबर प्रश्नांच्या पाठोपाठ पडत होती, जणू समोरासमोर बसून दोघं बोलतायत. "चालतंय ना?" साहेब म्हणाले. "मग झालं." तात्पुरती आहे, असं ती म्हणाली. सगळं तात्पुरतंच असतं, असं ते म्हणाले.

ऑफिसकडे जाताना तिच्या मनात त्या आंधळ्या स्क्रिप्टच्या जागी सारखे बाबा येऊ लागले. बाबा छापखान्यात होते. मशिनच्या आवाजाने त्यांचे कान हळूहळू गेले, इतके हळू की घरात कुणाला ते कळलंच नाही. ते आधीपासूनच मितभाषी होते. ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी एक युक्ती काढली होती. समोरचा बोलायचा थांबला की हसून म्हणायचं, "हो, हो." कुणी काही सांगो, काही विचारो, ओठ थांबले की हो. बहुतेक वेळा ते जमून जायचं. जगात बहुतेक प्रश्नांचं उत्तर होच असतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. आई होती तोवर आई त्यांच्या कोपराला हात लावायची आणि बाबा तिच्याकडे बघून अंदाज घ्यायचे. पण आई दवाखान्यात असताना त्यांच्या कोपराजवळ कुणी नव्हतं. ती कॉलेजमधून धावत पोचली तेव्हा डॉक्टर बाबांशी बोलत उभे होते. लांबच लांब बोळ, फिनेलचा वास, पांढऱ्या ट्यूबलाइटी. डॉक्टर हळू आवाजात, मान कलती करून काहीतरी सांगत होते, आणि बाबा हसऱ्या चेहऱ्याने मान डोलावत होते. "हो, हो." डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. घरी परत येताना बाबा रिक्षात म्हणाले, "माणूस चांगला वाटला. काय म्हणत होता गं?" तिने डॉक्टरांना गाठून विचारलं होतं. तिला माहीत होतं. रिक्षाच्या आवाजात तिला ते ओरडून सांगावं लागलं, आणि रिक्षावाल्याने मागं वळून बघितलं.

ऑफिसात पोचल्यावर तिने काळी खिडकी उघडली. पहाटेचं सगळं उमटलेलं तिथं होतं, लिफ्टमागून लिफ्ट, आणि प्रत्येकीच्या शेवटी 'पूर्ण' असा शब्द. ती तो शब्द बघत राहिली. पूर्ण म्हणजे स्क्रिप्टची उत्तरं देऊन झाली, एवढंच. कुणाला दिली, कशाची दिली, ते स्क्रिप्टला कुठं माहीत होतं. शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी बसायचा; उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणायचे, आणि त्यालाही आता दुसऱ्या नावाने हाक मारली तर पटकन कळत नसे. "लांब्या," ती म्हणाली, "आमच्या इमारतीत बोर्ड कुठला आहे रे? नवा की जुना?" "तुमची इमारत केवढी जुनी," तो म्हणाला, "जुनाच असणार. का गं?" ती उठून कपाटाकडे गेली. टेबलावर असतो तो बोर्ड नवा होता. जुना एकही काढून बघितला नव्हता. का बघितला नव्हता? दोन्ही एकच टूल वापरतात म्हणून. दोन्हींची फाईल एकच म्हणून. चालतंय ना, मग झालं, म्हणून. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या वायरींच्या गुंत्याखाली, एक जुना बोर्ड मिळाला. त्यावर धूळ बसली होती. लांब्याने तो तिच्या हातून घेऊन टेबलावर ठेवला.

धूळ झाडून तो चालू होईपर्यंत दुपार झाली, आणि मग स्क्रिप्ट बाजूला ठेवून तिने सगळं हाताने केलं. जोडायचं का? हो. कोणती फाईल? तिने नाव लिहिलं. आधीचा प्रोग्राम पुसायचा का? हो. ठिपके चालू लागले, ओळ भरली. आता खात्री विचारणार, म्हणून ती थांबली. पण काळ्या खिडकीत उमटलं ते वेगळंच होतं. मजल्यांची साठवलेली मापं पुसायची का? आणि त्याखाली कर्सर लुकलुकत राहिला, शांतपणे, कितीही वेळ थांबायची तयारी असल्यासारखा. नवा बोर्ड हा प्रश्न विचारत नव्हता, जुना विचारत होता. ती खुर्चीत मागं टेकली. पहाटे स्क्रिप्टने इथं काय केलं असेल ते सांगायला कुणाची गरज नव्हती. स्क्रिप्टकडे एक 'हो' शिल्लक होता, खात्रीसाठी ठेवलेला. तिने तो इथं देऊन टाकला. त्यामागून खात्रीचा प्रश्न आला असेल, त्याला उत्तरच मिळालं नाही, आणि टूलने थोडा वेळ वाट बघून आपणच 'हो' धरून घेतलं असेल. बाबांसारखं. ओठ थांबले की हो.

"मापं पुसली म्हणजे काय होतं?" लांब्याने विचारलं. त्याला माहीत होतं, पण कुणीतरी मोठ्याने बोलावं अशी त्याची इच्छा असावी. तिने सांगितलं. प्रत्येक इमारतीचा प्रत्येक मजला काही सारख्या उंचीचा नसतो. कुठं थोडा बुटका, कुठं थोडा उंच. लिफ्ट बसवताना माणूस आत बसून एकेक मजल्याचं माप बोर्डाला शिकवतो. ती मापं गेली की बोर्ड कारखान्यातून आलेली सरसकट मापं धरून चालतो. सकाळी दोन बोटांची चूक. एक फेरी, दुसरी फेरी, चूक साचत जाणार. संध्याकाळपर्यंत ढोपराएवढी होईल. दार उघडेल तेव्हा समोर मजला नसेल, भिंत असेल, किंवा अर्धी भिंत आणि खाली अंधार. ब्रेक आहेत, दोर आहेत, केबिन पडणार नाही. पण माणसं पडतील. दार उघडलं की माणूस खाली बघत नाही, पाऊल टाकतो. ताईंनी सकाळी बघितलंच नव्हतं ना, तसंच.

साहेबांच्या खोलीत एसीचा गारवा होता आणि त्यांच्या टेबलावर काचेखाली त्यांच्या मुलीचा फोटो होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते ऐकताना पेनाचं टोपण काढत-घालत होते. "कुणाची तक्रार आली?" त्यांनी विचारलं. "नाही अजून." "मग आज रात्री परत चालव ना स्क्रिप्ट. नीट करून. मापं परत भरता येतात का?" "भरता येतात. पण रात्रीपर्यंत लिफ्ट चालूच राहणार." "रोज चालतात त्या." "साहेब, तक्रार यायची वाट बघायची का आपण?" हे वाक्य तिच्या तोंडून कसं बाहेर पडलं, ते तिला कळलं नाही. ती या खोलीत आजवर कधी प्रश्न विचारायला आलेलीच नव्हती. साहेबांनी टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं. आता त्यांचा चेहरा बदलला आणि तिच्या लक्षात आलं की तेही घाबरलेत. कदाचित तिच्यापेक्षा जास्त, कारण त्यांना सवय नव्हती. "इथून थांबवता येतात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. येतात, ती म्हणाली. तशी आज्ञा आहे. पुढच्या मजल्यावर जाऊन दार उघडून थांब, अशी. फक्त पुढचा मजला कुठं आहे, हेच आता बोर्डाला माहीत नाही. "मग?" "रिकामी असताना थांबवली तर काही बिघडत नाही." साहेब म्हणाले, "एकेक कर. पहिली एक करून बघ. कुठली घेतेस?" "आमची," ती म्हणाली.

आमची का म्हटलं, ते तिला जिना उतरताना कळेना. दुसऱ्याच्या घरी आधी करून बघणं बरं दिसणार नाही म्हणून? की ती लिफ्ट आधी बंद झाली की आपली एक काळजी मिटेल म्हणून? तिच्याबरोबर राहणारे बाबा दुपारची झोप झाली की खाली उतरतात, कोपऱ्यावरच्या बाकावर बसतात, ऊन उतरलं की परत येतात. ते अजून झोपलेलेच असणार. तिने त्यांना फोन लावला. तो टेबलावर थरथरत राहिला असेल आणि बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले असतील. कानाचं मशिन त्यांनी घेतलं होतं, पण ते डबीतच असायचं. त्यात सगळे एकदम ओरडतात, असं ते म्हणायचे. मग तिने वॉचमनला फोन लावला. "लिफ्ट कुठं आहे बघ रे. आत कुणी आहे का?" "नाही मॅडम. खालीच आहे, रिकामी." "उठून बघितलंस का?" "हो मॅडम." "कुणाला चढू देऊ नकोस. मी बंद करतेय." "हो मॅडम." तिने कान फोनला घट्ट लावला होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नव्हता. पावलांचा आवाज आला नव्हता. पण त्याने हो म्हटलं होतं, आणि लांब्या शेजारी उभा होता, आणि साहेब दारात येऊन थांबले होते, आणि प्रत्येक मिनिटाला कुठंतरी एखादं दार उघडत होतं. तिने आज्ञा टाइप केली. टूलने विचारलं, खात्री आहे? तिने श्वास घेतला. वरचं सगळं पुन्हा वाचलं. आणि हो म्हटलं.

बोर्डाने लगेच उत्तर पाठवलं. थांबली. त्याखाली केबिन कुठं आहे ते आलं, आणि तो आकडा कुठल्याच मजल्याचा नव्हता. दोन मजल्यांच्या मध्ये कुठंतरी. म्हणजे ती खाली नव्हती. म्हणजे ती चालत होती. तिची नजर पुढच्या ओळीवर जायला तयार नव्हती. डोळ्यांना ओढून तिथं न्यावं लागलं. तिथं केबिनमधलं वजन लिहिलेलं असतं, जास्त माणसं चढली तर घंटा वाजावी म्हणून. वजन शून्य नव्हतं. एका माणसाचं होतं. एका हडकुळ्या, म्हाताऱ्या माणसाचं. दर महिन्याला ती बाबांना औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं करायची आणि काटा आणखी थोडा मागं आला की दोघंही तो काटाच खराब आहे, असं म्हणायचे. आता काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत ते वजन स्थिर उभं होतं. मग ते किंचित हललं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार द्यावा तसं. पुन्हा स्थिर झालं. "कोण असेल?" लांब्याने विचारलं. ती उठली. "बाकीच्या अशा थांबवू नकोस," ती म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून कुणीतरी बोलावं तसा ऐकू आला. "एकेका वॉचमनला फोन कर. लिफ्ट तळमजल्यावर आण म्हणावं, दार उघडून आत डोकाव म्हणावं, आणि मग तिथलाच मेन स्विच बंद कर म्हणावं. फोन चालू ठेवूनच. स्विच पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पुढं जाऊ नकोस." साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि दुसरी खुर्ची ओढून ते लांब्याच्या शेजारी बसले. "मेकॅनिकला तुझ्याकडे पाठवतो," ते म्हणाले.

टॅक्सीत तिने खिडकीची काच धरून ठेवली होती. आत लिफ्टमध्ये धोक्याची घंटा आहे, ती वाजली की वॉचमन स्पीकरवरून बोलतो, घाबरू नका, दाराला हात लावू नका, माणूस येतोय. बाबांना ते ऐकू येणार नाही. त्यांना काहीच ऐकू येणार नाही. चालता चालता जग थांबलं आणि त्याने कारण सांगितलं नाही, एवढंच त्यांना कळेल. आणि मग ते दाराला हात लावतील, कारण हात लावू नका हे सांगणारा आवाज त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. दार जोर लावला तर सरकतं. केबिन वर आणि मजला खाली असला, की मधून उतरता येईल असं वाटतं. माणूस बसतो, पाय खाली सोडतो, आणि पाय मजल्याला लागायच्या आधी केबिनखालच्या त्या उघड्या विहिरीत घसरतो. असं होतं. ती ज्या धंद्यात होती त्यात ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी जेवताना त्याबद्दल बोलत नसे. सिग्नलला गाडी थांबली. बाजूच्या इमारतीच्या काचेच्या दारातून लिफ्टचा दिवा दिसत होता. एक बाई मुलाचा हात धरून वाट बघत उभी होती. काच खाली करून हाक मारावी, असं तिला वाटलं, पण काय सांगणार, आणि तोवर सिग्नल सुटला.

इमारतीत, लिफ्ट अडकली होती त्याच्या खालच्या मजल्यावर, माणसं गोळा झाली होती. वॉचमनचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मी बघणारच होतो," तो म्हणाला. त्याने किल्लीने मजल्याचं दार उघडून दिलं. केबिन वर अडकली होती. केबिनचा तळ तिच्या कपाळाच्या उंचीवर होता आणि त्याखाली काळा, तेलकट वासाचा अंधार होता. केबिनचं दार वीतभर उघडं होतं. त्या फटीतून आतला उजेड येत होता आणि उजेडात बाबांच्या चपला दिसत होत्या. ते दाराशी खाली बसले होते. एक पाय फटीतून बाहेर काढायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. घोटा अडकत होता, मागं जात होता, पुन्हा येत होता, आणि दार प्रत्येक वेळी केसभर जास्त सरकत होतं. "बाबा, नका," ती म्हणाली. मग ओरडली. तिच्या मागच्या लोकांनी कान झाकले, पण तो पाय थांबला नाही. तेव्हा तिने टाचा उंचावल्या, हात वर केला आणि तो पाय घोट्याशी घट्ट पकडला. पाय एकदम गार होता. तो जिथल्या तिथं ताठ झाला. मग तिने तो हळूहळू आत ढकलला, फटीच्या आत, केबिनच्या फरशीवर, आणि हात काढून न घेता तिथंच ठेवला.

थोड्या वेळाने तिच्या हातावर दुसरा हात आला. तो चाचपत आला, आधी बोटं, मग मनगट. आतून त्यांना तिचा तेवढाच भाग दिसत असणार. "कोण?" बाबांचा आवाज आला. "खालच्या ताई का?" तिने त्यांची बोटं दाबली. दुसरं काय करता येणार होतं. ताई तिच्या शेजारीच उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. "बरं झालं बाई, तुम्ही आलात," बाबा म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेली माणसं बोलतात तसं ते मोठ्याने बोलत होते, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं. "किती वेळ झाला कळत नाही. मला वाटलं, आता कुणी येतच नाही." त्यांनी तिचा हात आणखी जवळ ओढला. "एक करा माझं. मुलीला काही सांगू नका. ती भित्री भागूबाई आहे अगदी. लहानपणापासून. मी तिला काहीच सांगत नाही. मध्ये पडलो होतो बाथरूममध्ये, तेव्हाही नाही सांगितलं. छातीत दुखतं तेही नाही. ती झोपत नाही मग. सांगणार नाही ना?" ती भिंतीला गाल टेकून उभी होती. तिने पुन्हा बोटं दाबली.

वर गच्चीवर मेकॅनिक पोचला होता. त्याने जिन्यातून खाली ओरडून विचारलं, सगळे बाजूला आहेत ना, मी ब्रेक सोडून चाक हाताने फिरवतोय. वॉचमन म्हणाला, "मॅडम, हात काढा." केबिन हलली तर हात दोन लोखंडांच्या मध्ये जाईल, हे तिला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिने हात मागं ओढला. बाबांनी सोडला नाही. तिने पुन्हा ओढला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानेही धरला. "जाऊ नका," ते म्हणाले. "थांबा की जरा." त्यांना सांगता येत नव्हतं की दोन मिनिटांचा प्रश्न आहे, की आता सगळं नीट होतंय, की हा हात जाणार नाही, परत येणार आहे. कुठल्याही भाषेत ते सांगता येत नव्हतं. तिने डावा हात वर नेला आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्यांची नखं तिच्या मनगटात रुतली. आतून एक आवाज आला, तो शब्द नव्हता. मग फट रिकामी झाली, आणि ती ओरडली, "सोडा."

केबिन इंचाइंचाने खाली आली. दार पूर्ण सरकवलं तेव्हा बाबा उभे होते. शर्ट नीट खोचलेला, केसांवरून हात फिरवलेला, चेहऱ्यावर ते हसू. तिला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "तू कशी आत्ता? लवकर सुटलीस?" ती काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मी आत्ताच निघालो होतो खाली. लिफ्ट जरा कुरकुरतेय आज." तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन वाजला. लांब्या होता. सगळ्या बंद झाल्या, तो म्हणाला, शेवटची आत्ताच. सकाळी एका इमारतीत एक बाई अडखळून पडल्या होत्या, पायाला प्लास्टर घातलंय, बाकी कुणाला काही नाही. साहेब सगळ्यांना स्वतः कळवतायत, कंपनीची चूक आहे असंच सांगतायत. उद्या आपण दोघं जाऊन मापं भरू, हाताने. ती बरं म्हणाली. ती ऐकत होती, पण बघत होती बाबांकडे.

मग ते जिना चढायला लागले, ती पुढं आणि बाबा कठड्याला धरून मागं. ताईंच्या दारासमोर बाबा थांबले; ताई दारातच उभ्या होत्या. तिने वळून बघितलं नाही, पण वळणावरच्या खिडकीच्या काचेत तिला दिसलं. त्यांनी ताईंना हात जोडले, आणि मग एक बोट ओठांवर ठेवून तिच्या पाठीकडे इशारा केला. ताई गोंधळून बघत राहिल्या. मग, काय करावं न सुचून, त्यांनी मान डोलावली. बाबांचा चेहरा निवळला. ती पुढच्या पायरीवर पाय ठेवून उभी होती. मनगटावरच्या नखांच्या खुणा चुरचुरत होत्या. बाथरूममध्ये कधी पडलात, असं तिला विचारायचं होतं. छातीत कुठल्या बाजूला दुखतं. आणखी काय काय आहे. मागून त्यांची पावलं यायला लागली, एक, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं, आणि त्या मधल्या वेळात ती जिवाचा कान करून त्यांचा श्वास ऐकत राहिली.